चौकाचे नाव पागलखाना

सदरकडून मानकापूरकडे निघाले की वाटेत एक चौक लागतो. नागपुरात त्याला पागलखाना चौक म्हणतात. ऑटोवाला तेच म्हणतो, बातमीत अपघाताचे ठिकाण तसेच छापून येते, मोबाइलवरच्या नकाशालाही हेच नाव ठाऊक आहे. ज्या संस्थेवरून हे नाव पडले तिचे खरे नाव प्रादेशिक मनोरुग्णालय. एकोणिसाव्या शतकापासून विदर्भातले मनोरुग्ण तिथे उपचाराला येतात. मधल्या काळात देशात मानसिक आरोग्याचा कायदा तीनदा नव्याने लिहिला गेला, उपचार पार बदलले, चौकावरून उड्डाणपूल गेला. नाव तेवढे राहिले.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? लोकांना पत्ता कळल्याशी मतलब. पण महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात ही गंमत आपापल्या भूगोलाने केली जाते, हे लक्षात घ्यावे. मुंबईकर चिडला की 'याला ठाण्याला भरती करा' म्हणतो, पुणेकर येरवड्याचा पत्ता देतो, कोकणात रत्नागिरीचे नाव निघते आणि विदर्भात नागपूरचे. राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालये अशी शिवीच्या कामाला लागली आहेत. हृदयरोगाच्या किंवा कर्करोगाच्या एखाद्या रुग्णालयाच्या नशिबी हे आलेले नाही.

याची किंमत कोण मोजते? बावीस वर्षांच्या मुलाला कानात आवाज ऐकू येऊ लागले आहेत, तो रात्रभर जागतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असे म्हणतो, असे समजा. त्याच्या आईला कोणीतरी सांगते की नागपूरला घेऊन जा. ती आधी गावच्या बाबाकडे जाते, मग नात्यातल्या कोणी सुचवलेल्या दर्ग्यावर, मग एखाद्या खासगी डॉक्टरकडे झोपेच्या गोळीसाठी. 'पागलखान्यात नेले' हे एकदा गावात झाले की धाकट्या बहिणीचे लग्न जमणार नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. तिचे गणित चुकीचे नाही. गावाने ते गणित तिला शिकवले आहे. यात महिने जातात, कधी वर्षे जातात. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितका पुढे गुण येणे अवघड होते. ही गोष्ट जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. शब्दामुळे आजार होत नाही, पण उपचाराला उशीर नक्की होतो.

आणि बरे झाल्यावरही सुटका नाही. बरे झालेले, पण घरी न्यायला कोणीच न आलेले रुग्ण या रुग्णालयांत वर्षानुवर्षे राहतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेतून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. भरती करताना चुकीचा पत्ता लिहून गेलेल्या नातेवाइकांना कुठे शोधायचे, हा प्रश्न सामाजिक कार्यकर्त्यांना नवा नाही.

एक गोष्ट वैद्यकशास्त्राने मान खाली घालून मान्य केली पाहिजे. आज ज्या शब्दांनी लोक एकमेकांना हिणवतात, त्यातले पुष्कळ शब्द डॉक्टरांच्याच वहीतून रस्त्यावर आलेले आहेत. 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुद्ध्यांकाच्या पायऱ्यांची रीतसर नावे होती. 'मोरॉन' हा शब्द तर हेन्री गोडार्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये मुद्दाम ग्रीकवरून घडवला. आपल्याकडे इंग्रजांनी केलेल्या १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'मध्ये 'ल्युनॅटिक' म्हणजे कोण, याच्या व्याख्येत 'इडियट' हा शब्द होता. तो कायदा बदलणारा मानसिक आरोग्य कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि अमलात आला १९९३ मध्ये. म्हणजे आज तिशी ओलांडलेले पुष्कळ वाचक जन्मले तेव्हा तो शब्द या देशाच्या कायद्यात होता.

लंडनच्या जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये एका विशिष्ट चेहरेपट्टीच्या मुलांचे वर्णन केले आणि त्यांना 'मंगोल' म्हटले. १९५९ मध्ये फ्रान्सच्या जेरोम लजन यांनी या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र एक जादा असल्याचे दाखवले आणि वंशाशी या गोष्टीचा काडीचा संबंध नाही हे उघड झाले. तरी शब्द चालूच राहिला. शेवटी मंगोलियाच्या प्रतिनिधीने तक्रार केल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. आपल्याकडच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत तो त्यानंतरही बरीच वर्षे छापला गेला आणि आजही एखादे ज्येष्ठ डॉक्टर राउंडवर सहज बोलून जातात.

मराठीत 'मतिमंद' हा शब्द आला तेव्हा तो सभ्य शब्द होता. 'वेडसर', 'खुळा', 'अर्धवट' या शब्दांना पर्याय म्हणून शाळांनी, शासनाने, पालकांनीही तो स्वीकारला. 'मतिमंद मुलांची शाळा' अशी पाटी लावणाऱ्यांच्या मनात आदरच होता. पुढे वर्गातल्या कच्च्या मुलाला मास्तर 'मंद' म्हणू लागले आणि शब्द नासला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातली 'मेंटल रिटार्डेशन' ही संज्ञा २०१६ च्या कायद्याने काढली आणि तिथे बौद्धिक अक्षमता आली. आता शाळकरी मुले एकमेकांना 'स्पेशल' म्हणून चिडवतात. यातून काय दिसते? शब्द बदलला की दहा-वीस वर्षे बरी जातात. तोवर लोकांची नजर बदलली नसेल, तर नवा शब्दही जुन्याच्याच वाटेने जातो. म्हणून शब्द बदलूच नयेत असे नव्हे. अंगावरचे कपडेही पुन्हा मळतात, म्हणून कोणी धुवायचे सोडत नाही.

'दिव्यांग' या शब्दाचे काय, हा प्रश्न इथे येणारच. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी हा शब्द सुचवला आणि वर्षभरात तो सरकारी कागदांवर आला. महाराष्ट्रात तर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच सुरू झाला. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांना हा शब्द पहिल्यापासून खटकला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना त्याबद्दल नापसंती नोंदवली. आक्षेप साधा आहे. पोलिओने गेलेल्या पायात दिव्य काही नाही, तो कमजोर पाय आहे. त्या माणसाला तहसील कार्यालयाचा दुसरा मजला चढायचा आहे. देवत्व बहाल केले की लिफ्टची मागणी जरा अवघडल्यासारखी वाटू लागते. शिवाय ज्यांना 'दिव्य' म्हटले त्यांच्यावर सतत प्रेरणादायी राहण्याची जबाबदारी येते. एका पायाने एव्हरेस्ट चढणाऱ्याची बातमी होते. एका पायाने रोज बुटीबोरीच्या कंपनीत कामावर जाणाऱ्याला बसमध्ये जागा मिळत नाही, त्याची बातमी होत नाही.

दुसरीकडे असेही लोक आहेत की ज्यांना 'दिव्यांग' म्हटलेले आवडते. 'आधी लंगड्या म्हणत होते, आता निदान दिव्यांग म्हणतात' ही भावना खेड्यापाड्यांत खरी आहे आणि शहरी अभ्यासकांनी तिला हसू नये. मग म्हणायचे काय? समोरचा माणूस स्वतःला जे म्हणवतो ते. आणि निम्म्या वेळा काहीच म्हणायची गरज नसते, कारण त्या माणसाला नाव असते.

या वादात काही जण दुसऱ्या टोकाला जातात, त्याबद्दलही बोलायला हवे. आपली भाषा शरीराच्या उणिवांनी गच्च भरलेली आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. वासरात लंगडी गाय शहाणी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. युक्तिवाद लंगडा असतो, सबब पांगळी असते, माया आंधळी असते आणि सरकारी कारभार तिन्ही. हे सगळे शब्दकोशातून खरवडून काढायचे ठरवले, तर आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोरांनाही नोटीस द्यावी लागेल. तसे करण्यात अर्थ नाही. अंध व्यक्तींनाही या म्हणी येतात आणि तेही त्या वापरतात. प्रश्न उभा राहतो तो बोट माणसाकडे वळल्यावर. 'काहून बे, बहिरा हायेस काय?' हे मित्राने मित्राला म्हटले तर तो वऱ्हाडी प्रेमाचा प्रकार झाला. कानाला यंत्र लावलेला मुलगा वर्गात बसलेला असताना शिक्षकाने दुसऱ्या मुलाला तेच म्हटले, तर यंत्रवाला मुलगा दुसऱ्या दिवशी यंत्र दप्तरात ठेवतो. शब्द दोन्हीकडे तोच.

शब्द जुना आणि कठोर, पण हेतू निर्मळ, याचे उदाहरण विदर्भाइतके चांगले कुठे मिळणार नाही. वरोऱ्याचे आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या तपोवनाच्या संस्थेचे नाव विदर्भ महारोगी सेवा मंडळ. 'महारोगी' हा शब्द आज कोणी डॉक्टर वापरणार नाही, पण त्या पाट्यांखाली माणसांना हात, काम आणि घर मिळाले. याउलट, अगदी शुद्ध भाषेत लिहिलेल्या आपल्या विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होते. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, हे १९८० च्या दशकापासून डॉक्टर सांगत आले आहेत. अपस्माराचेही तसेच. फिट येणाऱ्या माणसाचा विवाह कायद्याच्या अटींत बसत नव्हता आणि ती अट १९९९ मध्ये निघाली. लोक अजून तिथेच आहेत. फिट आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरणारे हात आजही बसस्थानकावर पुढे येतात. कुशीवर वळवायला हवे, हे सांगणारा एखादाच असतो.

मात्र काही शब्द नुसते कठोर नसतात, ते चुकीचे असतात आणि त्या चुकीमुळे नुकसान होते. 'मूकबधिर' हा त्यातला सर्वांत मोठा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचे स्वरयंत्र अगदी ठणठणीत असते. ओठ, जीभ, टाळू, सगळे जागच्या जागी. ती बोलत नाहीत कारण त्यांनी बोलणे कधी ऐकलेच नाही. बोलणे हे ऐकून शिकले जाते. मराठी घरात वाढलेले मूल मराठी बोलते, ते घशात मराठी घेऊन जन्मत नाही. 'मूक' हा शब्द या मुलांवर दुसरे अपंगत्व लादतो आणि पालकांना वाटते की हे दोन आजार आहेत, त्यातला एक तरी आपोआप बरा होईल. 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात, याचा बाप तर चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता', असे आजी सांगते आणि तपासणी लांबते.

ही लांबण महागात पडते. मेंदूचा जो भाग आवाज आणि भाषा सांभाळतो, तो पहिल्या दोन-तीन वर्षांत घडत असतो. त्या काळात त्याला आवाज किंवा हातांची भाषा यातले काहीच मिळाले नाही, तर पुढे कितीही भारी यंत्र बसवले तरी पुरता फायदा होत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ एक, तीन आणि सहा हे आकडे सांगतात. एक महिन्याच्या आत बाळाच्या कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. पहिली तपासणी, जिला ओएई म्हणतात, ती झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडूक ठेवून काही मिनिटांत होते आणि बाळाला कळतही नाही. गरज असेल तर पुढे बेरा, मग श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, आणि त्याच्या जोडीने वाचा प्रशिक्षण. ज्यांना इम्प्लांटचा उपयोग नाही किंवा ज्यांनी ते नको ठरवले, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा आहे. ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, तिच्यात भांडता येते आणि विनोदही करता येतो. ती येणाऱ्याला 'मुका' म्हणणे म्हणजे मराठी न येणाऱ्याने मराठी माणसाला मुका म्हणण्यासारखे आहे.

आता डॉक्टरांकडे. राउंडवर 'बेड नंबर बाराची सीपी' असे म्हटले जाते. ती सात वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे नीट बोलू शकत नसली, तरी तिला ऐकू येते आणि बहुतेकदा सगळे समजते. चाकाच्या खुर्चीतला रुग्ण समोर असताना डॉक्टर त्याच्या मागे उभ्या भावाला विचारतात, 'याला जेवण जाते का?' ही रोजची गोष्ट आहे. पण यापेक्षा मोठी गोष्ट प्रवेशाच्या दारात घडत होती. वैद्यकीय शिक्षणात अपंगांसाठी राखीव जागा मिळवायला किमान ४० टक्के अपंगत्व लागते. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला बोलण्यातल्या दोषासाठी ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व ठरले, आणि नियमाने त्याच कारणासाठी त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवले. म्हणजे दार उघडायला जी किल्ली, तिचेच कुलूप. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने सांगितले की, केवळ टक्केवारीवरून कोणाला नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो की नाही, हे मंडळाने तपासून सांगितले पाहिजे. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये 'दोन्ही हात शाबूत हवेत' या अटीवरही न्यायालयाने कोरडे ओढले आणि तिच्यामागची दृष्टीच अपंगांना कमी लेखणारी आहे असे म्हटले.

दोन्ही हातांची अट ऐकायला रास्त वाटते. सर्जनला हात नकोत का? हवेत. पण प्रत्येक डॉक्टर सर्जन नसतो. मानसोपचार, विकृतिशास्त्र, जनआरोग्य, क्ष-किरणशास्त्र यांतले कितीतरी काम डोके आणि डोळे करतात. आणि आजचा धडधाकट सर्जनही साठीत कंपवाताने सुरी खाली ठेवतो, तेव्हा त्याची पदवी कोणी काढून घेत नाही. प्रवेशालाच नेमकी भीती का वाटते? जुलै २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याने अपंग वैमानिकाचे आणि अपंग सर्जनचे उदाहरण देऊन सनदी सेवेतल्या राखीव जागांवर जाहीर प्रश्न उपस्थित केला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत डॉक्टरही होते.

कायदा याबाबतीत समाजाच्या पुढे आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ९२ सांगते की, अपंग व्यक्तीला लोकांदेखत, अपमान करण्याच्या हेतूने, जाणूनबुजून हिणवले किंवा धमकावले तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हे कलम पोलीस ठाण्यात किती जणांना ठाऊक आहे, हा वेगळा विषय. जुलै २०२४ मध्ये 'आँख मिचौली' या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद एक, आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद दुसरा. पुढच्या वर्षी स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने काही विनोदी कलाकारांना जाहीर माफी मागायला लावली. ज्या औषधाची किंमत सोळा कोटींच्या घरात आहे आणि ज्यासाठी आईबाप अनोळखी लोकांपुढे हात पसरतात, त्यावर हशा पिकवला गेला होता. कलाकारांना शिक्षा झाली की प्रेक्षक सुटतात, एवढीच यातली अडचण. हसले ते प्रेक्षकच होते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती सुमारे २९ लाख ६३ हजार होत्या. तेव्हा कायद्याला फक्त सातच प्रकार माहीत होते. २०१६ मध्ये ते एकवीस झाले, आणि त्यात विदर्भाच्या जिव्हाळ्याचा एक आजार पहिल्यांदा आला: सिकलसेल. नागपूर मेडिकलच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले होते. इथल्या आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांत तो घराघरांत आहे. हा आजार डोळ्यांना दिसत नाही आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. अपंग म्हटले की लोकांना कुबडी, काळा चष्मा किंवा चाकाची खुर्ची हवी असते. त्यात २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचा वाद राज्यभर गाजला आणि तेव्हापासून न दिसणाऱ्या अपंगत्वाकडे 'खोटारडा' याच नजरेने पाहिले जाऊ लागले. बोगस प्रमाणपत्रे आहेत, ती शोधलीच पाहिजेत. पण पडताळणीच्या रांगेतल्या प्रत्येकाला 'चालताना तर चांगला दिसतोस' असे ऐकवण्याचा परवाना त्यातून कोणाला मिळत नाही.

सिकलसेलच्या रुग्णाला काय होते? हिमोग्लोबिनच्या साखळीतले एक अमिनो आम्ल बदललेले असते, इतकाच दोष. पण प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडे आतून ठणकतात. ज्यांनी बाळंतपण आणि सिकलचा झटका दोन्ही सोसले, त्या बायका दुसऱ्याबद्दल जास्त बोलतात. क्ष-किरणात त्या क्षणी काही दिसत नाही. रक्तदाब ठीक, ताप नाही. मग रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आलेल्या मुलाला ऐकावे लागते की 'याला इंजेक्शनची सवय लागली आहे' किंवा 'नाटक करतो'. वारंवार येणाऱ्या मुलाला तर कर्मचारी नावाने ओळखतात, आणि ती ओळख त्याच्या कामाची नसते. असे दोनदा ऐकले की तो तिसऱ्यांदा घरीच कण्हत पडतो, आणि छातीत पेशी अडकून श्वास लागल्यावर आणला जातो. मग ते वाचवणे कठीण असते. खुब्याचा सांधा रक्ताविना झिजून विशीत लंगडू लागला, की तेव्हा कुठे लोक त्याला अपंग मानतात. शिक्षणातल्या राखीव जागांत त्याला वाटा आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांच्या यादीत मात्र सिकलसेलचे नाव नाही.

या आजाराची भाषाही इथे तयार झाली आहे. 'एसएस' म्हणजे रुग्ण, 'एएस' म्हणजे वाहक. ही तपासणीच्या कागदावरची अक्षरे आता लग्नाच्या बोलणीत आली आहेत. ती यावीतच. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा एक हेतूही हाच आहे, आणि नागपुरात संपत रामटेके यांच्यासारख्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून हे गावोगाव समजावले. पण होते असे की, एएस मुलीचे स्थळ सरळ नाकारले जाते, मुलाची तपासणी न करताच. एएस व्यक्ती आजारी नसते. तिचा जोडीदार एए असेल तर त्यांचे एकही मूल सिकलचे रुग्ण होणार नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक ही शक्यता, आणि त्यासाठीही गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत होऊ शकते. हा हिशेब दोघांचा आहे. 'पोरीत दोष आहे' असे म्हणणाऱ्या मुलाच्या घरी अनेकदा त्याचा स्वतःचा रिपोर्ट नसतोच.

शाळेतली गोष्ट आणखी बारीक आहे. सिकलच्या मुलाचे मूत्रपिंड लहानपणापासून लघवी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे त्याला पाणी जास्त लागते आणि तासाला लघवीला जावे लागते. पुष्कळ मुले मोठी होईपर्यंत अंथरूण ओले करतात. यात लाड नाहीत, आळस नाही. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीसोबत मुख्याध्यापकांना एक साधी चिठ्ठी लिहून देतात: पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, मागेल तेव्हा बाहेर जाऊ द्यावे, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या कवायतीला गणवेशावर स्वेटर घालू द्यावा, उन्हाळ्यात मैदानावर पळवू नये. पुढच्या महिन्यात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या न्यायला आई येते, तेव्हा ती चिठ्ठी तिच्या पिशवीत, फाइलच्या प्लास्टिकमध्ये, घडीही न मोडता तशीच असते. दिली नाही का, असे विचारले की ती सांगते, दिली असती तर साऱ्या वर्गाने त्याला नाव ठेवले असते.